हरलेल्यांच्या घरी जाणारे सर

सरांना अमेरिकेची भीती वाटायची. तिच्या बॉम्बची किंवा डॉलरची नव्हे. तिथल्या एखाद्या लहान गावात, शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून चार बायका मतपत्रिका मोजत बसल्या आहेत आणि बाहेर कुणीतरी गाडी थांबवून खिडकीतून आत बघतोय, या एका चित्राची त्यांना भीती वाटायची. हे चित्र ते सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात बसून बघायचे. अमेरिकेला ते कधी गेले नव्हते. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

राज्यशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा सर विभागप्रमुख होते. उंच, काटकुळे, भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, कपाळावर पुसट विभूती. मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड, वर्गात मराठी, आणि वाचन सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला ना पदवी विचारली, ना अनुभव. म्हणाले, "मॅडम, हरल्यावर तुम्ही काय करता?"

मला प्रश्नच कळला नाही. शाळेत असताना मंगळवेढ्याच्या संघातून कबड्डी खेळायचे ते आठवलं. म्हटलं, "काय करणार सर? घरी जाते."

"घरी जाता." त्यांनी मान डोलावली. "फार चांगलं. एवढंच लागतं बघा. बाकीचं सगळं पुस्तकातलं आहे."

अमेरिकेचं राजकारण हा पेपर त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी शिकवला. मुलं तो घ्यायची, कारण प्रश्न दरवर्षी तेच यायचे. सर मात्र दरवर्षी नवीन शिकवायचे. तिकडच्या संशोधकांचे लेख मिळवून पाठकोऱ्या कागदांवर छापून आणायचे, आणि दाराकडे तोंड करून, पाठ भिंतीला लावून ते वाचत बसायचे. आपण घरातल्या कुणाचा रक्ताचा रिपोर्ट वाचतो तसे. चष्मा वर, ओठ घट्ट.

"काय म्हणतोय रिपोर्ट, सर?" मी विचारायचे.

"वाढलंय," ते म्हणायचे. साखर वाढल्यासारखं.

तिथल्या पक्षांची नावं ते कधी घेत नसत. निशाणीवरून हत्तीवाले आणि गाढववाले म्हणत, आणि दोघांबद्दल सारख्याच काळजीनं बोलत. आपण इथं कुणाला मत देतो हे तर त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं. इतिहासाचे एक प्राध्यापक मुद्दाम दारातून ओरडायचे, "सर, तुमचा हत्ती काय म्हणतोय?" सगळे हसायचे. सर हसायचे नाहीत.

"मॅडम, हे बघा," ते मला सांगायचे, "एकच माणूस. गाव तेच, पेटी तीच. आपला पक्ष आला की म्हणतो, मोजणी चोख झाली. पुढच्या खेपेला पक्ष पडला की तोच माणूस म्हणतो, मोजणीत घोळ आहे. मधल्या काळात पेटीला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो."

"मग बदललं काय?"

"तो जिंकलेल्याचा हरलेला झाला. तेवढंच."

आणखी एकदा म्हणाले, "लोकांचं आपल्या पक्षावर प्रेम असतं असं आपण शिकवतो. आता तसं राहिलेलं नाही. समोरच्याचा राग येतो म्हणून ते आपल्या पक्षाला चिकटतात. आपल्याकडं सोयरीक करताना जात बघतात, तिथं आता मत कुणाला देतो ते बघायला लागलेत. आणि गंमत बघा, समोरचे जेवढे भयंकर वाटतात तेवढे ते नसतात, हेही संशोधनात निघालंय."

"मग ते बरंच की, सर."

"बरं कसलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नसलेल्या भुताला घाबरून माणूस खऱ्या माणसावर हात उचलतो, मॅडम."

या सगळ्या वाचनातून सरांना एक खूळ लागलं होतं आणि अर्ध्या सोलापूरला ते ठाऊक होतं. कुठलीही निवडणूक झाली, नगरसेवकाची असो, हाउसिंग सोसायटीची असो, की कुठल्या मंडळाच्या अध्यक्षाची, दुसऱ्या दिवशी सकाळी सर हरलेल्या माणसाच्या घरी जायचे. जिंकलेल्याकडे कधीच नाही. हातात काकूंनी केलेल्या शेंगापोळ्यांचा डबा. आपण जसे दुखवट्याला जातो तसे जाऊन बसायचे आणि चहा झाला की एवढंच विचारायचे, "हरलात, हे तुम्हाला मान्य आहे का?"

लोकांना राग यायचा, हसू यायचं. निवडणुकीच्या आधी सर रस्त्यात समोर दिसले तर उमेदवार वाट बदलायचे. मला स्कूटी असल्यामुळे पुढं पुढं त्यांना न्यायचं काम माझ्याकडं आलं. मागं बसून ते सारखं "सावकाश, सावकाश" करायचे.

एकदा आम्ही पूर्व भागातल्या एका विणकर बाईंच्या घरी गेलो होतो. थोडक्यात पडल्या होत्या बिचाऱ्या. घरातल्या बायका तेलुगूतून रडत होत्या, कोपऱ्यात प्रचाराचे फलक उलटे करून ठेवलेले. सरांनी प्रश्न विचारला. बाईंनी पदरानं नाक पुसलं आणि तडकून म्हणाल्या, "मान्य आहे की! न मानून कुटं जाऊ? सकाळी परत त्याच नळावर पाणी भरायचंय त्यांच्याबरोबर."

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची पोरगी दचकली. मग ते पोटभर उप्पीट खाऊन निघाले. स्कूटीवर मागून म्हणाले, "बघितलंत ना? ह्या बाई आहेत तोवर काळजी नाही."

सरांची लेक अमेरिकेत होती. लग्न होऊन गेली, तिकडची नागरिक झाली. एका मध्यम शहरात सार्वजनिक ग्रंथालयात काम करायची. तिच्या लहानपणी सर निवडणुकीच्या ड्यूटीवरून धुळीनं माखून, बोटांना शाई घेऊन परत यायचे, तेव्हा ही गल्लीच्या तोंडाशी वाट बघत उभी असायची. तिनं एक दिवस फोनवर सांगितलं, "अप्पा, मी इथं मतमोजणीला नाव दिलंय."

दुसऱ्या कुठल्याही बापाला अभिमान वाटला असता. सर त्या दिवशी कॉलेजात आले ते भिंतीला धरून बसले.

"तिला सांगा ना सर, नको म्हणून," मी म्हटलं.

"काय सांगू? आयुष्यभर तुम्ही केलंत अप्पा, मी एक दिवस करते, म्हणाली." ते टेबलावरच्या कागदांवर हात फिरवत राहिले. "मी यातलं सगळं वाचलंय, मॅडम. लोकांना धमक्या येतात. चांगले चांगले अनुभवी लोक काम सोडून जातात. इतकी वर्षं मी हे वर्गात सांगितलं, आणि आता तिथं माझी पोरगी बसणार."

तिचं प्रशिक्षण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाचं दार लोटून घेतलं आणि मला सांगितलं. मोजायचं कसं ते तिला आधी शिकवलंच नाही. आधी शिकवलं की टपालानं आलेलं पाकीट हातमोजे घालून उघडायचं. पांढरी पूड दिसली तर ती विषारी समजून श्वास रोखायचा, पाकीट खाली ठेवायचं, पंखा बंद करायचा. खोलीत कोण कुठं लपेल, मागचं दार कुठलं, हेही दाखवलं.

"मोजणीच्या कामात श्वास रोखायला शिकवतात," सर म्हणाले. बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती.

तिकडं मतदान संपतं तेव्हा आपल्याकडं सकाळ होते. त्या दिवशी सरांना तास नव्हता तरी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवलेला. मीही गेले. चहा आला, त्यावर साय धरली, कुणी हात लावला नाही. बऱ्याच वेळानं लेकीचा चेहरा दिसला. गाडीत बसली होती. ती कन्नडमधून बोलत होती, मला सगळं समजत नव्हतं, पण ती हसत होती एवढं दिसलं. मला हायसं वाटलं. फोन बंद झाला तेव्हा सर मात्र पांढरे पडले होते.

"काय झालं, सर?"

"काही झालं नाही. मोजणी व्यवस्थित झाली." थोडं थांबून म्हणाले, "काचेच्या पलीकडं लोक बघायला उभे राहू शकतात. एक माणूस आला, फोननं चित्रण करत होता. त्यानं तिचं नाव घेतलं. नाव आणि आडनाव. बाकी काही नाही."

"मग?"

"अगदी बरोबर उच्चारलं, मॅडम. तिथं ते कुणालाच जमत नाही. ग्रंथालयातल्या मैत्रिणींना इतक्या वर्षांत जमलं नाही." सरांनी तांब्या उचलला, पण प्यायले नाहीत. "म्हणजे त्यानं सराव केला असणार."

पोलिसांनी तिला सांगितलं की कुणाचं नाव घेणं हा गुन्हा नाही.

त्यानंतर आमच्या इथं निवडणूक लागली. सरांची निवृत्ती जवळ आली होती, तरी एका शाळेतल्या बूथवर त्यांची ड्यूटी लागलीच. त्या प्रभागात टॉवेलचे एक व्यापारी उभे होते. सरांचा त्यांच्याशी जुना परिचय. यापूर्वी दोनदा पडले होते आणि दोन्ही वेळा सर त्यांच्याकडं डबा घेऊन गेले होते. एकदा तर त्या गृहस्थांनीच दारात येऊन हसत सांगितलं होतं, "मान्य आहे, मान्य आहे, आधी पोळी काढा." ते तिसऱ्यांदाही पडले. सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे निघालो.

दिवाणखान्यात ते मधल्या खुर्चीवर बसले होते. भोवती पंधरावीस तरुण पोरं. आम्ही आत गेल्यावर बोलणं थांबलं. सरांनी डबा पुढं केला. कुणी घेतला नाही, म्हणून त्यांनी तो आपल्याच मांडीवर ठेवला.

"या सर," व्यापारी म्हणाले. "तुमचीच वाट बघत हुतो. तुमी इचारायच्या आदी सांगतो. मी हरलो न्हाय. हरवलंय मला."

"कुणी?" सरांनी विचारलं.

"ते तुमीच सांगा की. शाळेच्या बूथवर तुमीच होता न्हवं?"

कोपऱ्यातल्या दोघातिघांनी फोन वर धरले होते.

"होतो," सर म्हणाले.

"मग दुपारी मशीन का बंद पडलं?"

"बंद पडलं नाही. बॅटरी बदलली. अधिकारी येऊन सगळ्यांसमोर बदलून गेले. तुमचा प्रतिनिधी समोर बसला होता. तुमचा पुतण्याच की. हा काय, इथंच उभा आहे. त्याला विचारा."

सगळे त्या पुतण्याकडं वळले. चांगला मुलगा, सरांचाच विद्यार्थी. तो आधी काकांकडं बघत होता, मग खाली बघायला लागला. "मला काय आठवत न्हाय," तो म्हणाला.

"अय्यो शिवने," सरांच्या तोंडून निघालं. मांडीवरचा डबा खडखड वाजत होता. मी त्यांचा दंड धरला.

"सर, एकच इचारतो," व्यापारी म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते, झोप झालेली नसावी. "एवढी मानसं माज्या मागं. गल्लीगल्लीत बघितली तुमी. मी पडेनच कसा?"

सरांकडं याचं उत्तर होतं. या एका प्रश्नावर त्यांनी कितीतरी वाचलं होतं. आपल्या भोवती आपलीच माणसं असली की सगळं जगच आपल्या बाजूचं वाटतं, हे त्यांनी मला किती वेळा समजावून सांगितलं होतं. तिथं मात्र ते डब्याचं झाकण दाबत बसले. मीच त्यांना उठवलं आणि बाहेर आणलं. आम्हाला कुणी अडवलं नाही. आमच्या पाठीवर सगळ्या खोलीची नजर होती.

फाटकाशी व्यापाऱ्यांची बायको मागच्या दारानं वळसा घालून आली. घाईघाईनं म्हणाली, "सर, परत येऊ नका हो. पोरं यांचंबी ऐकत न्हाईत आता." आणि आली तशी आत गेली.

वाटेत मी म्हटलं, "सरळ खोटं बोलतात सर."

"खोटं बोलत असते तर बरं होतं," मागून सर म्हणाले. "त्यांना खरंच तसं वाटतंय."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ फिरायला लागला. सरांच्या चेहऱ्याभोवती लाल गोल, खाली लिहिलेलं, "हाच तो मास्तर." पुढं बरेच दिवस त्यांच्या गल्लीत मोटरसायकली यायच्या. दगड नाही, शिवी नाही. खिडकीखाली गाडी थांबायची, कुणीतरी सरांचं नाव घ्यायचं, आणि गाडी निघून जायची. सरांनी दारावरची पाटी काढली. काकूंनी अंगणात रांगोळी घालणं बंद केलं. कॉलेजात ते रिक्षानं येऊ लागले, आणि रोज वेगळी रिक्षा करायचे. हरलेल्यांकडं जाणं संपलं. आता "तुमचा हत्ती काय म्हणतोय" असं कुणी विचारत नव्हतं. इतिहासाचे प्राध्यापक दारातून आत येऊन मुकाट्यानं त्यांच्याजवळ बसायचे.

लेकीला कुणीतरी तो व्हिडिओ पाठवला. मग बापलेकीचं रोज एकच भांडण.

"अप्पा, तुम्ही पुन्हा ड्यूटी घेऊ नका. आजारी आहे म्हणून सांगा."

"आधी तू सोड."

"आधी तुम्ही."

काकू मला म्हणाल्या, "दोघंही घाबरलेत, आणि दोघंही एकमेकांना सांगतात की मी घाबरलो नाही, तू घाबरतोस."

शेवटी तिनं सोडलं. तिच्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं, मुलगा शाळेत जायला लागला होता. सरांनी मला विभागात हे सांगितलं तेव्हा मी मोकळेपणानं म्हटलं, "सुटलात, सर."

"हो," ते म्हणाले. "काल ऐकलं आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. बऱ्याच महिन्यांनी झोप लागली." मग चष्मा काढून डोळे चोळत राहिले. "सकाळी उठलो तेव्हा मनात आलं, त्या माणसाला हेच पाहिजे होतं. त्यानं फक्त नाव घेतलं. बाकीचं मी केलं. रोज फोन करून, रडून, मीच तिला तिथून उठवलं. आता तिच्या खुर्चीवर कोण बसेल, मॅडम? ज्याला कुणी नाव घेऊन भीती घालू शकत नाही असा कोण असतो?"

सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला आले नाहीत. मी तोवर कायम झाले होते, म्हणजे ड्यूटी लागणारच होती, आणि लागली. अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं एक गाव. तिथं आधीच दोन गटांत मारामारी होऊन गेली होती. साहित्यवाटपाच्या मैदानावर मंडप, पोलीस, मशीनच्या पेट्या, एसटीच्या रांगा, सगळीकडं धुरळा. मी आमच्या पथकाबरोबर बसमध्ये चढून खिडकीशी बसले, तर खाली गर्दीत सर उभे. पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला. वाट काढत ते खिडकीखाली आले आणि गज धरले.

"सर! तुम्ही उन्हात कशाला आलात?"

"तुला सांगायला आलो होतो, जाऊ नको म्हणून." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. "बस शोधत हिंडलो तर उशीर झाला. आता तू बसलीस."

"काही होत नाही, सर."

"होत नाही," ते म्हणाले. "अंजब्याड." घाबरू नको, एवढं कन्नड मला येत होतं. बस सुरू झाली तरी त्यांनी गज सोडले नव्हते. एका पोलिसानं हात धरून त्यांना बाजूला केलं.

त्याआधीच्या सगळ्या ड्यूट्या मला नुसत्या कटकटीच्या वाटायच्या. उकाडा, डास, वेळेवर न येणारं जेवण. या खेपेला मी दिवसभर भीत होते. रांगेत आवाज चढला की मागचं दार कुठं आहे ते मी बघायचे. कुणी फोन वर धरला की मी मान खाली घालायचे. उन्हं उतरली आणि मतदान संपलं, तसे आम्ही दार लावून मशीन सील करायला बसलो. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी सह्या करायच्या असतात. पहिल्यानं केली. दुसऱ्यानं केली. तिसरा वयानं लहान होता, डोक्याला गमजा. त्यानं पेन हातात घेतलं आणि थांबला. खिडकीबाहेर त्याची माणसं उभी होती, तो त्यांच्याकडं बघत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

तो पुन्हा एकदा बाहेर बघून माझ्याकडं वळला. "बाई, सगळं नीट झालं न्हवं?"

"तू सकाळपासून इथंच बसलायस. तूच सांग."

तो बराच वेळ मशीनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, नीट झालं," आणि खाली वाकून त्यानं सही केली.

बस परत निघाली तेव्हा दिवस मावळला होता. मी सरांना फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"सर, निघालो आम्ही. सगळ्यांनी सह्या केल्या."

"आज केल्या," सर म्हणाले. आणि मग म्हणाले, "गाडी सोलापुरात शिरेपर्यंत फोन ठेवू नको."

मी ठेवला नाही. कानाशी त्यांचा श्वास चालू होता, आणि बसच्या दिव्यात पुढचा थोडासाच रस्ता दिसत होता.